पिकअप ई-२० पेट्रोलवर चालते की नाही? (माळशेज घाटात रात्री दोनला पडलेला प्रश्न)

ओतूरचं_कॅरेट | ३ ऑगस्ट २०२५

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली.

माझ्याकडे २०१९ ची छोटी पिकअप आहे, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर 'ही घेतलीच कशाला' यावरच पन्नास प्रतिसाद पडतील. नारायणगावला टोमॅटो भरायचा, माळशेज उतरून कल्याण मार्केट गाठायचं, आठवड्याला चार खेपा. गाडी गॅसवरच चालू होते आणि गॅसवरच बंद होते. पेट्रोलची टाकी अडीनडीला.

परवा रात्री रिकामी कॅरेट घेऊन परत येताना मुरबाडच्या पुढे गॅस संपत आला. मागे पंपावर रांग एवढी होती की नंबर लागेपर्यंत उजाडलं असतं. म्हटलं, पेट्रोल आहे की, घाट चढून जाऊ. टोकावडे सोडलं, चढ लागला, बटण पेट्रोलवर टाकलं. थोडं अंतर बरी गेली आणि मग जे झटके मारायला लागली! पाय पार तळाला टेकवला तरी पिकअपला पिकअप नाही. बोगद्याच्या अलीकडे बंदच पडली. धुकं, पाऊस, कड्यावरचं पाणी थेट टपावर. सकाळी टोचन करून ओतूरला आणली.

मेस्त्रींनी बघितलं आणि म्हणाले, "इथेनॉलनं खाल्ली." टाकीतलं पेट्रोल प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत काढून दाखवलं. वर पिवळसर आणि तळाला बोटभर जाडीचा गढूळ थर, मध्ये रेघ मारल्यासारखी.

आता मला सरळ सांगा. आता सगळ्या पंपांवर ई-२० च मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल (ऊस-मक्यापासूनचं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल. माझ्यासारख्या जुन्या पिकअपला ते चालतं की नाही? नसेल चालत तर काय करायचं, गाडी विकायची?

मिरजेचा_पाना | ३ ऑगस्ट

मालक, गाडी विकू नका. आधी बाटलीतला तो खालचा थर काय आहे ते समजून घ्या.

इथेनॉल पाण्याचं मित्र. पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर पूर्वी ते तळाला गप पडून राहायचं. आता पाणी आलं की इथेनॉल त्याला मिठी मारतं. थोडं पाणी असेल तोवर सगळं एकजीव दिसतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. तुमच्या बाटलीत तळाला आहे ते नुसतं पाणी नाही, पाणी अधिक इथेनॉल आहे. त्यावर इंजिन चालत नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे आम्ही गॅरेजला असं बघतो. शंभर मिलीचं खुणांचं नळकांडं घ्यायचं, त्यात दहा मिली पाणी, वर शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवायचं आणि थांबायचं. पाण्याची रेघ दहावर राहिली तर इथेनॉल नाही. ई-२० असेल तर रेघ अठ्ठावीसच्या आसपास येऊन थांबते. हे उघड्यावर करायचं, जवळ बिडी-काडी नको. आमचा एक पोरगा शेगडीजवळ करायला निघालेला.

अवांतर : हे इथेनॉल आम्हाला नवं नाही. २००१ मध्ये सरकारनं देशात तीन ठिकाणी पहिली चाचणी केली, त्यातली दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड. तिसरी उत्तर प्रदेशात बरेलीकडं. तेव्हा पाच टक्के होतं. तेव्हाही लोक म्हणायचे, इंजिन खाल्लं.

लॅम्बडा | ४ ऑगस्ट

मी चाकण भागात इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो. पानासाहेबांचं थरांबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर. मेस्त्रींच्या निदानावर मात्र माझा आक्षेप आहे.

हवेतला ओलावा शोषून ई-२० मध्ये पाणी साठतं आणि थर पडतो, असं सर्रास सांगितलं जातं. बंद टाकीत ते फार हळू होतं. शिवाय इथेनॉल जास्त असेल तर थर पडायच्या आधी पेट्रोल जास्त पाणी पोटात घेऊ शकतं, म्हणजे या बाबतीत ई-२० हे ई-१० पेक्षा उजवं आहे. बोटभर थर पडला याचा अर्थ बाहेरून चांगलं पेलाभर पाणी आत गेलंय. एकतर पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून, नाहीतर तुमच्या झाकणातून.

घाटातच का बंद पडली, तेही बघा. वर गारवा. पेट्रोल थंड झालं की त्याची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. त्यात चढाला टाकीतला सगळा माल मागे सरकतो आणि गाडीच्या टाकीतल्या इंधन पंपाची जाळी कुठे आहे त्यावर ती थेट त्या थरात बुडू शकते. सपाटीला कदाचित रडतखडत गेली असती.

तेव्हा दादा, तीन गोष्टी सांगा. शेवटचं पेट्रोल कधी भरलं होतं? गाडी कुठे धुता? आणि झाकण कसं आहे?

बिनसाखरेचा | ४ ऑगस्ट

कशाला त्या गरिबाची उलटतपासणी घेताय? साखर कारखानदारांची सोय करायची म्हणून आपल्या टाकीत दारू ओतली जातेय. मायलेज गेलं, पाईप गेले, भाव मात्र तोच. पंपावर साधं पेट्रोल मागायचीही सोय ठेवली नाही. आणि पिणाऱ्याला निदान बाटलीवर टक्केवारी लिहून मिळते हो!

ओतूरचं_कॅरेट | ४ ऑगस्ट

लॅम्बडा सर, लाज वाटते पण सांगतो.

पेट्रोल शेवटचं भरलं होतं ते अक्षय्य तृतीयेच्या आसपास. म्हणजे तीन महिने झाले. गाडी नारायणगावला वॉशिंग सेंटरला धुतो, प्रेशर पंपानं, कारण टोमॅटोचं पाणी हौद्यात सडतं.

आणि झाकण. ते फेब्रुवारीत पंपावर विसरलं. नवीन घेऊ घेऊ म्हणत राहून गेलं. तोवर दुधाची पिशवी चौपदरी करून रबर लावलं होतं. मला वाटलं, टाकी वापरातच नाही तर काय फरक पडतो.

मिरजेचा_पाना | ४ ऑगस्ट

दुधाची पिशवी!! मालक, तुम्ही इथेनॉलचं नाव उगाच खराब केलंत 😄

जारवाला_नाशिक | ५ ऑगस्ट

हसू नका राव, आमच्या गल्लीत दोन गाड्यांना पिशवी आहे.

मला मूळ प्रश्नावर बोलायचंय. माझी पिकअप २०२१ ची, फक्त पेट्रोल. पाण्याचे वीस लिटरचे जार, सातपूर ते इंदिरानगर, रोज तोच रस्ता, तेवढाच माल. त्यामुळे माझा हिशोब जरा पक्का आहे. पहिल्या दिवसापासून वहीत लिहितो, टाकी फुल ते टाकी फुल. २०२१-२२ ला सरासरी १७.१ पडायची. यंदा १६.२. टायर, प्लग, एअर फिल्टर सगळं वेळेवर. गाडी कुठे अडली नाही, झटका नाही, सकाळी पहिल्या चावीला चालू. फक्त पितेय जास्त. महिन्याला माझं साधारण दीडशे लिटर लागतं, त्यात आठ-नऊ लिटर वाढलं. हजाराच्या आत-बाहेरचा फटका. जारमागे रुपया वाढवायला गेलो तर गिऱ्हाईक दुसऱ्याचा जार लावतं.

लॅम्बडा | ५ ऑगस्ट

वही ठेवणाऱ्या माणसाला सलाम. तुमचा आकडा पाच टक्क्यांच्या जरा वर येतोय आणि तो पटण्यासारखा आहे.

लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या मानानं सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ई-१० वरून ई-२० वर आलात तर त्याच्या निम्मं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय : ई-० साठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के घट, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के. व्हॉट्सॲपवर वीस-पंचवीस टक्के घटीचे मेसेज फिरतात, त्यातलं उरलेलं टायरच्या हवेत आणि उजव्या पायात शोधावं.

आता कॅरेटदादांचा प्रश्न, चालते का? चालते. कशी, ते सांगतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे इथेनॉल वाढलं की त्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, तो सांगतो की मिश्रण पातळ झालंय, आणि संगणक इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही दुरुस्ती एका मर्यादेपर्यंत होते, आणि ई-२० साधारण त्या मर्यादेत बसतं. पाय पूर्ण दाबून घाट चढता तेव्हा मात्र संगणक त्या सेन्सरचं फारसं ऐकत नाही, आधी पाठ केलेल्या तक्त्यावर चालतो. जुन्या गाडीत तो तक्ता ई-१० चा. माल भरून लांब चढ चढणाऱ्या पिकअपला गावात फिरणाऱ्या कारपेक्षा जास्त सोसावं लागतं ते इथे.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना हा सेन्सरच नाही. त्यांचा प्रश्न वेगळा.

जमेची बाजूही सांगायला हवी. साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, ई-२० चं ९५ होतं. नॉकिंग, म्हणजे इंजिनातली ठकठक, कमी. पण त्याचा फायदा उठवायला इंजिनच तसं जुळवलेलं लागतं, जुन्याला काही मिळत नाही.

मिरजेचा_पाना | ५ ऑगस्ट

सर हवा-इंधनाचं बोलले, मी रबराचं बोलतो. खरा खर्च तिथंच निघतो.

जुन्या गाड्यांचे फ्युएल पाईप, ओ-रिंग, वायसर यांचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि वाळलं की तडकतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई-२० ला टिकणारं मटेरियल आलंय, एप्रिल २०२५ पासून इंजिनही त्याला जुळवून येतंय. त्याआधीची गाडी असेल तर पाईप हातानं दाबून बघायचा. बोटाचा ठसा उठला तर बदला. थेंब गळायची वाट बघू नका, खाली सायलेन्सर असतो. टाकी पत्र्याची असेल तर तळाला गंज बघायचा. ज्या गाडीत पेट्रोल रोज येतं-जातं तिला त्रास कमी. जी टाकी महिनोन्महिने तशीच पडून, तिचे हाल. गॅसवाल्या पिकअप, लग्नाच्या सीझनपुरत्या निघणाऱ्या गाड्या, गवत कापायची मशीन, फवारणीचे पंप, माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक सगळं या जातीचं.

डिझेल_दादा | ६ ऑगस्ट

आमची मोठी पिकअप डिझेलची. तिला पण हे सुरू होणार का?

लॅम्बडा | ६ ऑगस्ट

नाही. इथेनॉल डिझेलमध्ये नीट विरघळत नाही आणि दाबानं आपोआप पेटायला तयार नसतं. डिझेलचं सगळं कामच दाबानं पेटण्यावर चालतं. शुद्ध इथेनॉलच्या जवळ जाणारा प्रयोग मात्र आपल्याच राज्यात झालाय. नागपूरला २०१४ मध्ये स्कॅनियाची इथेनॉल बस धावली. त्यात ९५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट घ्यायला मदत करणारी द्रव्यं, वर इंजिनही त्यासाठीच बनवलेलं. तुमच्या पिकअपमध्ये कुणी हौसेनं ओतायला सांगितलं तर त्याला हात जोडा.

आयोवाकर | ७ ऑगस्ट

मूळचा कराडचा, गेली बरीच वर्षं अमेरिकेत आयोवात. आमच्याकडे उसाच्या जागी मका. क्षितिजापर्यंत मका आणि मध्ये इथेनॉलचा प्लांट, वास थेट कारखान्याच्या मळीची आठवण करून देणारा. अमेरिकेत सर्वात जास्त इथेनॉल याच राज्यात बनतं.

माझा ट्रक फोर्ड एफ-१५०, पाच लिटरचं व्ही-८, फ्लेक्स-फ्युएल. इथे अशा गाड्यांना बहुधा पिवळं झाकण किंवा पिवळी कडी असते. (हो, झाकण!) ई-८५ असं पंपावर लिहिलेलं असलं तरी आत इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांच्या मध्ये कितीही असतं. हिवाळ्यात कमी करतात, कारण उणे वीसला इथेनॉल पेट घेत नाही. गाडीचा संगणक टाकीत काय पडलंय ते ओळखून स्वतःला जुळवून घेतो. लांबच्या रस्त्याला मायलेज पाव हिश्श्यानं पडतं, म्हणून ई-८५ तेवढं स्वस्त असेल तरच भरतो, नाहीतर साधं. निवड माझी असते, हा मुद्दा मला मोठा वाटतो. ज्या गाड्या फ्लेक्स नाहीत त्यांना इथे कायद्यानं ई-१५ पर्यंतच मुभा, तीही २००१ आणि पुढच्या मॉडेलना. वीस टक्के साध्या गाडीत भरायला इथे परवानगी नाही.

उलट ब्राझील बघा. १९७५ पासून उसाच्या इथेनॉलवर काम, २००३ पासून फ्लेक्स गाड्या, आणि याच १ ऑगस्टपासून तिथलं 'साधं' पेट्रोल २७ वरून ३० टक्क्यांवर गेलं. तिथली सर्वाधिक खपाची गाडी गेली काही वर्षं एक छोटी पिकअपच आहे, फियाट स्ट्राडा. तेव्हा पिकअप इथेनॉलवर चालते का, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. पण त्यांच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. गंमत म्हणजे तिथल्या जुन्या फ्लेक्स गाड्यांत थंडीत चालू करायला पेट्रोलची एक छोटीशी वेगळी टाकी असायची, आणि त्यातलं पेट्रोल वापरलं न जाता शिळं व्हायचं. तुमच्या टाकीची सख्खी बहीण.

बिनसाखरेचा | ७ ऑगस्ट

घ्या! निवड. मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणतोय. आणि नीतीच्या त्याच अहवालात इथेनॉलमिश्रित पेट्रोल ग्राहकाला स्वस्त पडावं असंही म्हटलं होतं, ते पान कुणी उघडत नाही.

उसाचं_टिपरू | ७ ऑगस्ट

बिनसाखरेचे भाऊ, तुमचं मायलेजचं दुखणं खरं आहे, पण एक बाजू आमचीबी ऐका. आमच्याकडं पूर्वी साखर गोदामात पडून राहायची आणि उसाचं बिल वर्ष वर्ष नाही. कायद्यानं चौदा दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, पण देणार कुठनं? इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडनं लवकर येतात, म्हणून बिलं जरा वेळेवर यायला लागली.

सगळी मलई कारखान्यालाच असंबी नाही. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं एका आदेशानं उसाच्या रसाचं इथेनॉल थांबवलं. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी वाढवली त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. आता तर निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचं, मक्याचं आणि तांदळाचं. २०२४-२५ चे दर बघा : सी-हेवी मळीचं (साखर पुरती काढून उरलेली) ५७.९७, बी-हेवीचं (थोडी साखर राहिलेली) ६०.७३, रसाचं ६५.६१ आणि मक्याचं ७१.८६ रुपये लिटर. म्हणजे उसापेक्षा मक्याला जास्त. स्वस्त का मिळत नाही त्याचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं करात.

बिनसाखरेचा | ८ ऑगस्ट

आकडे दिलेत, बरं वाटलं. तरीपण एक विचारतो. ऊर्जा सहा टक्के कमी असलेला माल त्याच भावात विकला तर किराणा दुकानात त्याला काय म्हणतात? ९४० ग्रॅमचा किलो. तुमच्या उसाचं बिल माझ्या आणि त्या जारवाल्याच्या खिशातून निघतंय, एवढं तरी कबूल करा.

उसाचं_टिपरू | ८ ऑगस्ट

कबूल. तुमच्या साखरेचं बिल पन्नास वर्षं माझ्या खिशातनं निघत होतं, तेबी कबूल करा.

व्यवस्थापन | ८ ऑगस्ट

ऊसदरावर स्वतंत्र धागा आहे. इथे पिकअपवर या.

जारवाला_नाशिक | २ सप्टेंबर

धागा वर आणतोय. काल सुप्रीम कोर्टानं ई-२० विरुद्धची याचिका फेटाळली. जुन्या गाड्यांसाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोलही मिळावं आणि पंपावर टक्केवारी लिहावी, अशी मागणी होती. म्हणजे आता वहीत १६.२ च राहणार. मी पाईप बदलून घेतला, दाबल्यावर ठसा उठत होता. पानासाहेब, आभार.

कॅरेटदादांचं पुढे काय झालं?

ओतूरचं_कॅरेट | २१ सप्टेंबर

सीझन जोरात, त्यामुळे उशीर. क्षमस्व.

टाकी खाली उतरवली. मेस्त्रींनी आतलं सगळं स्टीलच्या परातीत ओतलं. तळाचा थर चहासारखा तांबूस, आणि त्यात गंजाची पूड. पंपाची जाळी काळी पडलेली, चिमटीत धरली तर फाटली. पाईपचं म्हणणं मात्र पानासाहेबांचंच खरं निघालं. झाकणाचा दोष माझा, पण पाईप आतून फुगून निम्मा बंद झाला होता, कापल्यावर आतलं रबर खरवडलं की नखाला काळं लागत होतं. त्यात माझ्या पिशवीचा काही संबंध नाही. म्हणजे मेस्त्रीही पूर्ण चूक नव्हते आणि लॅम्बडा सरही बरोबर. जाळी, पाईप, ओ-रिंगा, फिल्टर, टाकीची धुलाई आणि मजुरी मिळून चार हजार दोनशे गेले. इंधन पंपाची मोटर वाचली. स्कॅनर लावला तेव्हा पी०१७१ हा मिश्रण पातळ असल्याचा कोड होता, तो पुसला, परत आलेला नाही.

आता टाकीत कमी भरतो पण ताजं भरतो. दर सोमवारी परतीला टोकावड्यापासून बोगद्यापर्यंत पेट्रोलवर चढतो, म्हणजे शिळं होत नाही. रिकामी गाडी सेकंड-थर्डवर कुरकुर न करता जाते. भरलेली चढवून बघितली नाही, कारण आमचा माल घाट उतरतो, चढत नाही. वॉशिंग सेंटरला सांगितलंय, झाकणाच्या बाजूनं पाणी मारायचं नाही.

झाकण नवीन घेतलं. किल्लीचं. मागच्या सोमवारी मुरबाडला पेट्रोल भरायला थांबलो तर किल्ली घरी, ओतूरला, खुंटीवर.

मिरजेचा_पाना | २१ सप्टेंबर

मालक, गॅस तरी होता का?

ओतूरचं_कॅरेट | २१ सप्टेंबर

दोन काटे. माळशेज पार करून घरी आलो. अंगणात गाडी लावली आणि संपला.